४० हजारात घरचा फाईल सर्व्हर, आणि डिस्क मेली तर तुम्हाला सांगणार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: सांगलीत घर आहे, १.६ टीबीच्या आसपास फोटो आणि व्हिडिओ आहेत, वडिलांच्या नाटकांच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून घेतल्यात त्या पण यातच, सगळं तीन २ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर विखुरलेलं आणि त्यातली एक मागच्या महिन्यात टेबलावरून पडून गेली. दरवर्षी साधारण ३०० जीबी वाढतं. बजेट ४० हजार. दुकानदार म्हणतोय चार डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कवर फाईली देणारा डिस्कचा डबा) घ्या, रेड ५ (चारही डिस्क एकत्र बांधायची एक पद्धत) करून देतो, मग बॅकअपची कटकटच नाही. घ्यावा का?

नका घेऊ दादा. म्हणजे नॅस वाईट नाही, दुकानदाराचं शेवटचं वाक्य वाईट आहे.

मी गेली १७ वर्षं सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात सीए लोक, दवाखाने, फोटो स्टुडिओ यांचे छोटे सर्व्हर बघतोय. एवढ्या वर्षांत एक डिस्क मेली म्हणून डेटा गेला असं रेड असलेल्या जागी मला क्वचितच दिसलंय. डेटा गेला तो जवळपास प्रत्येक वेळी पहिली डिस्क मेल्याचं कुणाला कळलंच नाही म्हणून. एका ऑफिसात चार डिस्कचा डबा होता, रेड ५, व्यवस्थित लावलेला. एक डिस्क गचकली, डबा बीप बीप करायला लागला, चार दिवस सगळ्यांनी सहन केलं आणि मग तिथल्या एका पोराने बटण दाबून तो आवाज बंद केला. झालं. फाईली उघडतायत, प्रिंट निघतायत, कुणाला काय पडलंय. सात महिन्यांनी मे महिन्यात दुसरी डिस्क गेली तेव्हा मला फोन आला, की तुमचं ते रेड चाललं नाही बघा. अहो ते सात महिने एका पायावर उभं होतं! त्यामुळे कुठला डबा घेताय, कुठलं सॉफ्टवेअर टाकताय हे सगळं मी सांगतोच, पण वाचताना डोक्यात एकच ठेवा, की डिस्क मेल्याची बातमी तुमच्या मोबाईलपर्यंत कशी येणार.

रेड म्हणजे काय ते दोन ओळीत, कारण गैरसमज इथेच सुरू होतो. १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी पेपर लिहिला, की एका महागड्या मोठ्या डिस्कपेक्षा बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र बांधून वापरू, एखादी मेली तरी काम थांबणार नाही. (रेडमधल्या आय चा अर्थ त्यांच्या लेखी इनएक्स्पेन्सिव्ह होता, म्हणजे स्वस्त. पुढे त्याचं इंडिपेंडंट झालं.) काम थांबू नये एवढंच त्याचं वचन आहे. मुलाने चुकून फोल्डर डिलीट केला तर रेड इमानदारीत सगळ्या डिस्कवरून डिलीट करतो. व्हायरसने फाईली कुलूपबंद केल्या तर त्याही सगळीकडे कुलूपबंद. आणि सांगलीत राहून हे वेगळं सांगायला नको, ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा एका डब्यातल्या चारही डिस्क एकाच वेळी पाण्याखाली गेल्या. माझ्या एका तळमजल्यावरच्या स्टुडिओवाल्याचं अख्खं लग्नाच्या सीझनचं काम होतं त्यात.

आता रेड ५ का नको. चार डिस्कपैकी एकीची जागा हिशोबासाठी, म्हणजे पॅरिटीसाठी जाते आणि तीनची जागा मिळते, ऐकायला झकास. पण एक मेली की नवीन घालून पुन्हा बांधणी करताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत वाचाव्या लागतात. साध्या घरगुती डिस्कच्या कागदावर लिहिलेलं असतं की १० चा १४ वा घात इतके बिट वाचताना एखादा न वाचता येणारा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा, निघू शकतो, ते होतात साधारण १२.५ टीबी. ८ टीबीच्या चार डिस्क असतील तर बांधणीला २४ टीबी वाचायचंय, करा हिशोब. प्रत्यक्षात डिस्क कागदावरच्या आकड्यापेक्षा बऱ्याच बऱ्या वागतात हे मी पण मान्य करतो, पण त्या चारही एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या, एकाच उन्हाळ्यात तापलेल्या, एकीची वेळ भरली म्हणजे बाकीच्या काय तरण्याताठ्या नसतात. आणि तुम्हाला मुळात एवढी जागाच नकोय ना. १.६ टीबी आहे, वर्षाला ३०० जीबी. ४ टीबीच्या दोन डिस्क घ्या आणि मिरर करा, एकीवर जे लिहिलं तेच दुसरीवर. ४ टीबीची डिस्क कॉम्प्युटर ३.६ दाखवतो, ८० टक्क्यांच्या वर भरायची नाही असं धरलं तरी २.९ मिळते, चार वर्षं निघतात. पुढे एक काढून ८ ची घाला, भरू दे, मग दुसरी बदला, की जागा वाढली. मिररचा अजून एक फायदा असा की बांधणी म्हणजे सरळ कॉपी, एका रात्रीत उरकते.

डबा कुठला. नवीन नॅसचा डबा घेतलात तर निम्मं बजेट रिकाम्या डब्यातच जाईल. मी सरळ ऑफिसमधून बाहेर पडलेला वापरलेला डेस्कटॉप घ्या म्हणेन, डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर यापैकी कुठलाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि सहाव्या सातव्या पिढीच्या आय५ वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणून कंपन्यांनी हे डबे ढिगाने काढलेत. आपल्याला विंडोज टाकायचंच नाहीये, त्यामुळे लोकांची अडचण ती आपली सोय. आय५-६५०० वगैरे, ८ जीबी रॅम, १० ते १२ हजारात मिळायला हरकत नाही, १६ जीबी असेल तर हजार दोन हजार जास्त द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन आणा नाहीतर इथल्याच रिफर्बवाल्याकडून घ्या, पण घेताना झाकण उघडून बघा. उभा टॉवर पाहिजे, तो चपटा छोटा डबा नको, त्यात साडेतीन इंची दोन डिस्क बसतीलच असं नाही. साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, निदान तीन पोर्ट पाहिजेत. एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, चालू असताना घरघर करतोय का कान लावून ऐका, कारण या कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलचा एसएमपीएस बाजारातल्या साध्याने बदलता येत नाही, जोडच वेगळा असतो. पॉवरचा कनेक्टर कमी पडला तर मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीचा पॉवर कनेक्टर) साटा करायची ती स्वस्त पांढरी वायर, जिचा कनेक्टर प्लास्टिक ओतून बनवलेला असतो, ती अजिबात लावू नका. आत वायरी एकमेकींना टेकून जळलेल्या मी स्वतः बघितल्यात. थोडी महाग मिळते पण क्रिम्प केलेली, म्हणजे पिना दाबून बसवलेली, मागा.

रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर) आणि यूएसबी डिस्क असं पण सुचवतील लोक. छंद म्हणून करा. यूएसबीची डिस्क मध्येच अर्धा सेकंद गायब होऊन परत येते आणि मिररला वाटतं डिस्क मेली, रात्री उगाच धावपळ.

डिस्कवर मात्र कंजूषी करू नका. दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे सीएमआर आहे की एसएमआर. सीएमआर मध्ये डेटाचे पट्टे शेजारी शेजारी सुटे असतात, एसएमआर मध्ये ते घरावरच्या कौलासारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे मधलं एक बदलायचं तर शेजारची पण उचलावी लागतात आणि सतत लिहायला लागलं की डिस्क रडकुंडीला येते, नेमकं रेडच्या बांधणीच्या वेळीच. एप्रिल २०२० मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता, वेस्टर्न डिजिटलच्या रेड (म्हणजे लाल, आपलं वरचं रेड नव्हे) नावाच्या, नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि कंपनीने ते नंतर कबूल केलं. तेव्हापासून त्यांच्या सीएमआर डिस्क रेड प्लस नावाने येतात. तर रेड प्लस घ्या किंवा सीगेटची आयर्नवूल्फ, दोन्हीला ३ वर्षांची वॉरंटी. दुसरी गोष्ट, वॉरंटी भारतातली आहे का ते सीरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून दुकानातच बघा, बिल करायच्या आधी. स्वस्त मिळालेली डिस्क कधी कधी बाहेरून आलेली असते, इथे कोणी दारात उभं करत नाही. आणि वापरलेली नवीन म्हणून विकणं पण चालतं, २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या डिस्कचं असंच प्रकरण उघडं पडलं, किती तास चालली त्याचा नेहमीचा आकडा शून्यावर आणलेला होता पण आतल्या फार्म नावाच्या नोंदीत खरे तास सापडले. जमलं तर दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानातून घ्या, म्हणजे एकाच घाण्यातल्या निघणार नाहीत. एका डिस्कला १० ते १२ हजार धरा, भाव सध्या वरखाली होतायत.

डिस्क आणल्या की लगेच फोटो ओतायचे नाहीत!! नवीन डिस्क मरायची तर बऱ्याचदा पहिल्या काही आठवड्यात मरते. आधी स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची, लाँग टेस्ट लावा, आणि धीर असेल तर बॅडब्लॉक्स नावाचा प्रोग्राम, तो चार प्रकारचे नमुने अख्ख्या डिस्कवर लिहून परत वाचून बघतो. ४ टीबीला अडीच तीन दिवस लागतात, लागू देत. (हा लिहून वाचणारा प्रकार डिस्कवरचं सगळं पुसतो, म्हणून रिकाम्या डिस्कवरच.) नंतर स्मार्टमधले चार आकडे बघायचे: ५, १९७ आणि १९८ नंबरचे (खराब सेक्टरचे) शून्यच पाहिजेत, शून्य नसेल तर डिस्क परत, वाद घालत बसू नका. १९९ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी डेटा केबल बदला, दहापैकी नऊ वेळा तीच असते. रॅमला पण एक रात्र मेमटेस्ट लावा. ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) रॅम पाहिजेच असं सांगणारे भेटतील, चांगलीच असते ती, पण या बजेटात त्यावर भांडत बसण्यापेक्षा ते पैसे यूपीएसला ठेवा.

सॉफ्टवेअर म्हणून, विंडोजच्या जागी, मी तुम्हाला ट्रूनॅस सांगेन. फुकट आहे, निदान ८ जीबी रॅम मागतं, आणि आत झेडएफएस ही फाईल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची पद्धत, आहे जी मूळ सन मायक्रोसिस्टम्सने बनवलेली. झेडएफएसचा मोठा गुण म्हणजे प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवते, वाचताना जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरची बरोबर प्रत घेऊन चुकीची दुरुस्त करते. साध्या मिररला दोन प्रती वेगळ्या दिसल्या तर खरी कुठली हे कळतच नाही हो. फोटोच्या बाबतीत हे महत्त्वाचं, कारण दहा वर्षं न उघडलेल्या फोटोचा अर्धा भाग राखाडी झालेला उघडल्यावरच दिसतो. महिन्यातून एकदा स्क्रब लावून ठेवा, म्हणजे ती स्वतःच सगळं वाचून तपासते. रोजचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या फाईलींची जशीच्या तशी नोंद, लावा, दोन महिन्यांचे ठेवा, मग मुलाने फोल्डर उडवला तरी कालचा परत आणता येतो. ट्रूनॅसला स्वतःसाठी एक अख्खी डिस्क लागते, १२८ जीबीचा साधा एसएसडी चालेल, त्यावर डेटा ठेवता येत नाही हे आधीच सांगून ठेवतो नाहीतर मग शिव्या द्याल. ओपन मीडिया व्हॉल्ट पण चांगलंय, डेबियन लिनक्सवर आहे, कमी रॅममध्ये चालतं, अगदी ४ जीबीवाला डबा गळ्यात पडला तर ते टाका.

बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, तीन गोष्टी. या ब्रँडेड डब्यात साटा बऱ्याचदा रेड मोडवर ठेवलेला असतो, तो एएचसीआय करा, म्हणजे प्रत्येक डिस्क सरळ सॉफ्टवेअरला दिसते. मदरबोर्डचा स्वतःचा रेड वापरायचा नाही, उद्या बोर्ड गेला तर तसाच बोर्ड शोधत फिराल, झेडएफएसच्या डिस्क मात्र कुठल्याही झेडएफएस चालणाऱ्या डब्यात लावून उघडता येतात. दुसरं म्हणजे लाईट परत आली की मशीन आपोआप चालू होईल असं सेटिंग असतं ते लावा. तिसरं, ती नाण्याएवढी बॅटरी नवीन टाका, जुन्या डब्यात ती मेलेलीच असते आणि मग लाईट गेली की तारीख आणि वरची दोन्ही सेटिंग पुसली जातात.

लाईटवरून आठवलं, अर्थिंग. जुन्या घरात तिसऱ्या पिनला वायरच नसते कधी कधी. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट येतंय ते मोजायला सांगा, दोन तीनच्या वर असेल तर आधी ते दुरुस्त करा. यूपीएस यूएसबी पोर्ट असलेलाच घ्या, ५ ते ६ हजारात बसवा, कारण स्वस्तातला यूपीएस नुसता दहा मिनिटं तग धरतो आणि मग धाडकन बंद, यूएसबीवाला सर्व्हरला सांगतो की बॅटरी संपत आली, तू नीट झोप. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे बहुतेक यूपीएस मोडचं बटण असतं ते त्या मोडवर ठेवा, तरी पण मध्ये छोटा यूपीएस पाहिजेच. बिलाचं विचाराल तर असा डबा दोन डिस्कसकट ३५ वॉट धरा, महिन्याला २५ युनिट, तुमच्या स्लॅबला गुणून बघा.

आता मुद्द्याचं. ट्रूनॅसमध्ये मेलचं सेटिंग असतं, जीमेल जोडता येतं, दहा मिनिटांचं काम आहे आणि माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या निम्म्या डब्यांत ते कोरं असतं. ते करा, टेस्ट मेल पाठवा, स्पॅममध्ये गेला असेल तर बाहेर काढा, आणि घरात दोघांच्या पत्त्यावर येऊ द्या. मग फोटो टाकायच्या आधी रंगीत तालीम. डबा बंद करा, एका डिस्कची केबल काढा, चालू करा. स्क्रीनवर डिग्रेडेड (एक डिस्क कमी आहे) दिसेल आणि थोड्या वेळात मोबाईलवर मेल आला पाहिजे. नाही आला तर तुमचा सर्व्हर अजून तयार नाही, बाकी सगळं कितीही भारी झालेलं असू दे. आला तर केबल परत लावा, जोडणी पूर्ववत होते का बघा. हे करताना अजून एक काम, प्रत्येक डिस्कच्या पुढच्या कडेला, जिथे दिसेल तिथे, सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे स्टिकरवर लिहून चिकटवा. मी एकदा मेलेली समजून चांगली डिस्क बाहेर काढली होती, दवाखाना होता, बाहेर पेशंट बसलेले. परत लावल्यावर चालू झालं, पण ती पाच मिनिटं मला अजून आठवतात.

राहिला बॅकअप, आणि तो तुमच्याकडे आधीच आहे की. त्या दोन उरलेल्या एक्स्टर्नल डिस्क. १.६ टीबी प्रत्येकीत मावतं, अजून वर्षभर तरी. आधी त्यांच्यावरचं सगळं सर्व्हरवर आणा, नीट उघडतंय बघा, मग एकेक पुसून तिच्यावर सगळ्याची अख्खी प्रत. लॅपटॉपला लावायच्या आणि फ्रीफाईलसिंक नावाच्या फुकट प्रोग्रामने सर्व्हरवरून कॉपी करायची, मोड अपडेट ठेवा, मिरर नको, नाहीतर सर्व्हरवर उडालेलं तिथूनही उडेल. पहिल्यांदा अख्खी रात्र जाईल, नंतर फक्त नवीन तेवढंच जातं. तीन प्रती, दोन प्रकारच्या जागी, एक घराबाहेर, हा नियम पीटर क्रोघ नावाच्या एका फोटोग्राफरनेच रूढ केलाय, कॉम्प्युटरवाल्याने नाही. एक डिस्क कपाटात, आणि दुसरी सांगलीच्या बाहेर, म्हणजे नदीपलीकडच्या मावशीकडे नाही, आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी वाढली की तिचंही घर आपल्याबरोबरच असतं. माझी पुण्याला ताईकडे आहे, झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून, साड्यांच्या कपाटात. दिवाळीला भाऊबीजेला जातो तेव्हा घरातली नवी प्रत तिथे ठेवतो आणि तिथली घेऊन येतो. ओवाळणीच्या ताटाशेजारी हार्ड डिस्क बघून भाचे हसतात.

सर्व्हर मात्र तुमच्या वरच्या मजल्यावर ठेवा, जिन्याखाली नको, ओल पण येते आणि हवा पण लागत नाही. एप्रिल मे मध्ये डिस्कचं तापमान ४५ च्या खाली राहतंय का बघत चला. खंडेनवमीला मशीनवर फूल वाहता ना, त्याच दिवशी आधी झाकण उघडून ब्लोअरने धूळ काढा, आणि केबल काढून मेल येतोय का ती तालीम परत एकदा करा. फूल जाळीवर ठेवू नका तेवढं, पंख्यात पाकळ्या अडकलेला एक डबा येतोच माझ्याकडे दरवर्षी.